एकबेरजेचा ताळा

पेशवाईच्या इतिहासात लढाया आणि तह इतके आहेत की त्यांचा खर्च मांडणाऱ्या कचेरीच्या वाट्याला सहसा दोन ओळी येतात. पुण्याचे हुजूर दफ्तर म्हणजे मोडी कागदांचा जुना साठा, एवढीच त्याची ओळख आता उरली आहे. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते रोज चालणारे सरकारी कार्यालय होते. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यकारभारावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून राबत असल्याचे नमूद आहे. महाल आणि परगणे, किल्ले, फौज, सरकारी कारखाने, देवस्थाने, श्रावणातली दक्षिणा, कोतवाली ही सगळी खाती आपापल्या जागी चालत, पण त्यांच्या हिशेबाचा शेवट पुण्यात एकाच ठिकाणी होई. अनेक खात्यांची हिशेब, पगार, खरेदी, नोंदणी अशी कामे एका सामायिक कचेरीकडे सोपवण्याची चर्चा आजची सरकारे करतात तेव्हा पहिले कारण काटकसरीचे देतात. माणसे कमी लागतील, कागद कमी लागेल, पैसा वाचेल. हुजूर दफ्तराचा इतिहास नीट पाहिला तर हे कारण दुय्यम ठरते. एकाच व्यवहाराच्या, एकमेकांशी लागेबांधे नसलेल्या दोन हातांनी लिहिलेल्या नोंदी एका जागी येऊन भिडतात, यात सामायिक दफ्तराचे खरे बळ होते. त्या भिडण्यातून निघालेली तफावत वर कोणीतरी विचारत असे, तोवरच ते बळ टिकले.

ही व्यवस्था पेशव्यांनी शून्यातून उभारली नव्हती. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अमात्यांकडे जमाखर्च, सचिवांकडे पत्रव्यवहाराची तपासणी आणि मंत्र्यांकडे दैनंदिन नोंद होती. म्हणजे लिहिणे, तपासणे आणि हिशेब ठेवणे ही कामे तेव्हाच वेगवेगळ्या माणसांकडे दिलेली होती आणि ती एका खात्यापुरती नसून साऱ्या राज्यासाठी होती. पुढे शाहू महाराजांच्या काळात ही पदे वंशपरंपरेची झाली, पदांबरोबर मुलूख आले, आणि प्रतिनिधी किंवा सचिव हे आपापल्या जहागिरीत गुंतले. मधली व्यवस्था विरळ झाली. शाहूंच्या निधनानंतर, १७५० पासून, कारभाराचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला सरकले आणि विखुरलेले काम पेशव्यांच्या फडणिसांकडे गोळा होऊ लागले. थोरले माधवराव आणि त्यांच्यामागून नाना फडणवीस यांच्या हाताखाली त्याला शिस्त आली.

दफ्तराचे दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर थेट फडणिसांच्या नजरेखाली असे आणि त्यात फड, बेहडा व सरंजाम अशा शाखा होत्या. सनदा आणि हुकूम फडातून निघत, हिशेब तिथे रुजू होत, आणि दिवसभराच्या घडामोडी रोजकीर्दीत चढत. बेहड्याची शाखा आदल्या हिशेबांवरून येत्या सालचे अंदाजपत्रक बांधी. सरंजाम शाखेकडे फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेल्या मुलखाचा हिशेब असे. दुसरा भाग एकबेरीज दफ्तराचा. फौज मोहिमेवर निघाली की कारभाराचा काही भाग तिच्याबरोबर हिंडे, पण एकबेरीज दफ्तर पुणे सोडत नसे. सगळ्या खात्यांचे हिशेब इथे येऊन वर्गवार लागत. त्यांतून सालाचा तर्जुमा तयार होई, म्हणजे राज्याची एकूण जमा, एकूण खर्च आणि बाकी यांचा गोषवारा, आणि बाबवार खतावणीही होई. या दुसऱ्या भागाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे, याची मला खंत वाटते. फडातले कागद वाचायला रंजक असतात, त्यांत माणसे भेटतात. एकबेरजेत फक्त आकडे. पण राज्य कर्जात आहे की शिलकीत, हे त्या काळात सांगू शकणारी ती एकमेव जागा होती.

एका महालाचे साल कसे फिरे ते जवळून पाहण्यासारखे आहे. सूर्य मृग नक्षत्रात गेला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, की नवे साल लागे. कागदावर ते अरबी संख्यानामांनी लिहीत. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून अकराशे बहात्तर, इसवी सनाच्या हिशेबाने १७७१–७२. कोकणातल्या किल्ल्याचा कारकून असो की खानदेशातल्या परगण्याचा, दोघांचे साल एकाच दिवशी उलटे आणि ते पेरणीच्या हंगामाशी जुळलेले असे. मामलेदार महालावर निघताना त्याच्या हाती बेहडा दिला जाई. अमुक गावांची इतकी जमा अपेक्षित, शिबंदीला इतके, देवस्थानाच्या नेमणुकीला इतके, सादिलवार म्हणजे किरकोळ खर्चाला इतके, आणि उरलेले हुजुरात. वसुलीतला काही हिस्सा त्याला आगाऊ रसद म्हणून भरावा लागे, त्यासाठी तो सावकाराकडून पैसे उचली. सालअखेर त्याचा हिशेब पुण्यात आला की बेहड्याशेजारी ठेवून कलमवार पाहिला जाई. रुपयेही एका टाकसाळीचे नसत. अंकुशी निराळा, चांदवडी निराळा, त्यांच्यावरचा बट्टा निराळा. वेगवेगळ्या नाण्यांत आलेली वसुली एका बेरजेत आणायची तर बट्ट्याचा हिशेब सगळ्यांना सारखा लावणारी एक कचेरी हवीच. साल एक, कलमांची मांडणी एक, नाण्यांचा हिशेब एक हा सामायिक दफ्तराचा पाया होता, आणि तो घातला नसता तर दोनशे कारकुनांनीही नुसते कागद रचले असते.

तरीही एकसारखी मांडणी म्हणजे तपासणी नव्हे. खोटा हिशेबही ठरल्या नमुन्यात लिहिता येतो. म्हणून दुसरा हात लागतो, आणि मराठी कारभाराने तो दोन ठिकाणी योजला होता. पहिले ठिकाण महालाच्या कचेरीतच. मामलेदाराच्या जोडीला मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, चिटणीस असे दरखदार असत. हिशेब आणि कागद मुजुमदाराच्या मान्यतेने पुढे जात, फडणीस रोजची नोंद ठेवी, त्या नोंदीवरून दफ्तरदार महिन्याचा गोषवारा हुजुरात धाडी, पोतनीस रोकड मांडी आणि पोतदार नाणी पारखी. मामलेदाराला यांतल्या कोणालाही काढता येत नसे. मामलेदार वावगे करू लागला तर आधी त्याला अडवावे आणि न ऐकल्यास हुजुरात लिहावे, ही दरखदारांची जबाबदारी होती. दुसरे ठिकाण कचेरीबाहेरचे. देशमुख आणि देशपांडे हे वतनदार सरकारी नोकर नव्हते. त्यांची वतने मामलेदार येण्याआधीपासूनची आणि तो गेल्यावरही राहणारी. परगण्याच्या जमेची त्यांची स्वतःची टिपणे असत, आणि त्यांच्या कागदांशी मेळ बसल्याशिवाय मामलेदाराचा हिशेब दफ्तरात मंजूर होत नसे. गावपातळीवर कुळकर्ण्याचा कागद होताच. असे तीन-चार निरनिराळ्या हितसंबंधांचे कागद पुण्यात एका बैठकीवर येत. प्रत्येक खात्याने आपला हिशेब आपल्याच घरात बंद केला असता तर हे कागद कधीच एकमेकांसमोर आले नसते.

यावर कोणी म्हणेल की ही आजची कल्पना मागच्या काळावर लादणे आहे. हुजूर दफ्तर म्हणजे राजसत्तेचा सगळ्यांवरचा पहारा होता, खात्यांना दिलेली सेवा वगैरे काही नव्हती. आक्षेपात तथ्य आहे. महालाला नको असले तरी पुण्याला हिशेब द्यावाच लागे, त्यात निवडीचा प्रश्न नव्हता. पण दफ्तरातून खात्यांना परत काय मिळे हेही पाहिले पाहिजे. नव्या मामलेदाराला आदल्या कित्येक सालांच्या जमेवर बांधलेला बेहडा आयता मिळे. इनामदाराची सनद हरवली तर तिची नोंद दफ्तरात सापडे. दोन वतनदारांत हक्काचा तंटा झाला तर निवाड्यासाठी जुने कागद तिथून काढले जात. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून निवडलेल्या उताऱ्यांवर न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये लिहिलेला निबंध पाहिला तर त्यात महसूल, किल्ले, आरमार, न्याय, टपाल, वैद्यकी, सामाजिक बाबी असे विषय एकाच साधनातून उलगडत जातात. एका वर्षाच्या कीर्दीतून साऱ्या राज्याचे चित्र उभे करता येते, कारण सगळ्या खात्यांची कामे तिथे एकत्र नोंदली जात होती. पहारा आणि सेवा ही दोन्ही कामे तोच कारकून त्याच कागदावर करत होता. त्यांना वेगळे काढण्याची घाई आपण करतो, आणि त्यात दोन्ही दुबळी होतात, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप विलंबाचा. प्रत्येक खर्च पुण्याला विचारून करायचा तर रायगडाच्या तटाची डागडुजी पावसाळ्याआधी कशी व्हायची? हा आक्षेप आजच्या सामायिक कचेऱ्यांवरही घेतला जातो आणि पुष्कळदा तो खरा असतो. पेशवाईतला उपाय साधा होता. ठरीव खर्चाच्या नेमणुका सालाच्या सुरुवातीलाच बेहड्यात बांधून दिल्या जात. त्या मर्यादेत खर्च करायला दर वेळी हुकमाची गरज नसे. नेमणुकीबाहेरचा, म्हणजे ‘शिवाय’ सदरातला खर्च असेल तर मात्र मंजुरी आणि कारण लागे. म्हणजे खर्चाचा निर्णय बहुतांशी जागेवर होई आणि हिशेब मध्यवर्ती राही. सामायिक कचेरी अडथळा ठरते ती बहुधा खर्च करण्याचा अधिकारही तिने ओढून घेतला तर. हिशेब लिहिणे आणि खर्चाला परवानगी देणे या दोन गोष्टींत पेशवाईच्या कारकुनांनी जे अंतर राखले, ते अनेक आधुनिक योजनांमध्ये राखले जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. एवढे सगळे असून लबाडी थांबली का? नाही थांबली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर अहवाल लिहिला. मामलेदार कुठून पैसा काढत याची जंत्रीच त्यात आहे. फी आणि दंडाची जमा लपवायची, सूट दिल्याचे दाखवून वसूल करायचे, शिबंदीच्या हजेरीत नसलेली माणसे लावायची, नेमणुकीची रक्कम हक्कदाराला द्यायचीच नाही. त्यात दरबारच्या मंडळींना द्यायचा दरबार खर्च आणि अंतस्थ, म्हणजे गुप्त लाचही आली. ही यादी नीट वाचली की दफ्तराची मर्यादा कळते. तिथे फक्त कागद येई. जे कुठल्याच कागदावर नव्हते, ते दफ्तराला दिसण्याचा मार्ग नव्हता, आणि दरखदार स्वतःच मामलेदाराला मिळाला तर दुसरा हात पहिल्याचाच होऊन बसे. पण याच यादीची दुसरी बाजूही आहे. ठरीव जमीन महसुलापेक्षा दंड, सूट, हजेरी असल्या बाबींतच चोरी का दाटली होती? गावोगावच्या महसुलाला कुळकर्ण्याचा आणि देशपांड्याचा कागद होता. दंडाला तसा दुसरा कागद नव्हता. सूट खरोखर मिळाली की नाही हे सांगणारी कुळाची स्वतंत्र नोंद पुण्यापर्यंत पोचत नव्हती. माझ्या वाचनाप्रमाणे चोरी तिथेच साचली जिथे दुसरी नोंद नव्हती. म्हणून एल्फिन्स्टनची यादी मला या व्यवस्थेविरुद्धचा पुरावा वाटत नाही, ती कुठवर पोचली होती याची सीमारेषा वाटते.

खरे दुबळेपण दुसरीकडे होते. फडणिशी भानू घराण्याकडे वंशपरंपरेने होती. नानांसारखा माणूस त्या जागी असताना हे खपून गेले, नव्हे, फायद्याचे ठरले. त्यांची स्मरणशक्ती आणि कागदांची आवड हीच व्यवस्थेची ताकद झाली. पण राज्याचे दफ्तर आणि फडणिसांचे घर यांत भिंत उरली नाही. वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यात जो कागदांचा संग्रह राहिला, तो पुढे इतिहासकारांना मोलाचा ठरला, यात शंका नाही. मात्र राज्यकारभाराचे कागद एका कारभाऱ्याच्या घरी जातात, ही गोष्ट कारभाराच्या दृष्टीने चांगली नव्हे. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. त्यांना मुलगा नव्हता, मागे तरुण विधवा जिऊबाई राहिल्या. ज्या जागेवर साऱ्या राज्याचा हिशेब येऊन मिळे, तिची शिस्त एका माणसाबरोबर संपली. मोठ्या सरंजामदारांची गोष्ट याहून जुनी. शिंदे, होळकर यांच्या सरकारांतही पेशव्यांकडून दरखदार नेमण्याची रीत होती, पण त्या सरदारांची ताकद वाढत गेली तसा त्या दरखदारांच्या कागदांचा पुण्यात उपयोग उरला नाही. एकबेरीज म्हणायची आणि राज्याचा मोठा हिस्सा बेरजेबाहेर, अशी अवस्था अठराव्या शतकाच्या अखेरीस आलीच होती.

दुसऱ्या बाजीरावांनी पुढचे पाऊल टाकले. मामलती मक्त्याने, जास्त बोली बोलणाऱ्याला दिल्या जाऊ लागल्या. एल्फिन्स्टन यांच्या अहवालात याचे परिणाम आहेत; मक्तेदार मुलखाशी बांधलेला नसे, पुढच्या साली आणखी कोणी चढी बोली बोलेल या धास्तीने तो हाती आलेल्या सालातच सगळे पिळून घेई. रयतेवरच्या या जुलमाची चर्चा बरीच झाली आहे. दफ्तरावर काय परिणाम झाला, ते फारसे कोणी सांगत नाही. मक्त्याची रक्कम एकदा ठरली की बेहडा कशाला लागतो? गावची खरी जमा किती, शिबंदीला किती गेले, सूट कोणाला मिळाली, हे प्रश्न सरकारने विचारण्याचेच थांबवले. रक्कम आली की झाले. मग देशपांड्याच्या कागदाशी मेळ घालण्याचे कारण संपले, दरखदाराने कळवण्यासारखे काही उरले नाही. कारकून होते, पगार चालू होता, पण दफ्तराकडे उत्तर मागणारे कोणी नव्हते. इंग्रजी अंमल आल्यावर दफ्तर मॅक्लिऑड या इंग्रज अधिकाऱ्याच्या ताब्यात दिले गेले. पूर्वीचे दफ्तर व्यवस्थित आणि बाजीरावांच्या कारकिर्दीत मात्र हेळसांड, असाच त्यांच्या पाहणीचा निष्कर्ष होता. ही हेळसांड कारकुनांच्या आळसावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. मेळ घालायला सांगणारे कोणी नसले तर तो का घालायचा?

इंग्रजांनी या कागदांची किंमत ताबडतोब ओळखली, पण त्यांचा वापर एकाच अंगाने केला. १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि हेच दफ्तर इनामदारांच्या हक्कांविरुद्ध पुरावा म्हणून उघडले गेले. सनद आहे पण दफ्तरात नोंद नाही, असे झाले की इनामावर गदा येई. बाजीरावांच्या काळात गहाळ झालेल्या कागदांची शिक्षा त्या इनामदाराच्या नातवाने भोगली असेल, हा विचार अस्वस्थ करतो. दक्षिण मराठा मुलखात १८५७ च्या सुमारास जी खदखद होती, तिच्यामागे ही चौकशी होती हे सर्वमान्य आहे. नोंदी एका जागी आल्या की त्या ज्याच्या हाती, त्याच्या हाती मोठी सत्ता येते, हा सामायिक दफ्तरावरचा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. पेशवाईत त्या सत्तेला देशमुख-देशपांड्यांच्या स्वतंत्र कागदांचा लगाम होता. कमिशनपुढे दफ्तर हाच वजनदार पुरावा ठरला आणि इनामदाराकडचा कागद संशयाचा. संशोधकांना मात्र ते सहज खुले झाले नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे ते साऱ्यांसमोर आले.

हिशेबाचा प्रश्न मात्र तिथे संपला नाही. १८६० मध्ये हिंदुस्थान सरकारचे पहिले महालेखापरीक्षक नेमले गेले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे हिशेब लिहिणे आणि तपासणे ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेकडे राहिली. १९७६ मध्ये केंद्र सरकारने मंत्रालयांचे हिशेब लेखापरीक्षकांकडून काढून मंत्रालयांच्याच लेखाधिकाऱ्यांकडे सोपवले. राज्यांत तसे झाले नाही. १९८४ मध्ये महालेखाकारांच्या कचेऱ्यांची लेखापरीक्षा आणि लेखा व हक्कदारी अशी विभागणी झाली, तरी राज्याच्या हिशेबाची बांधणी मंत्रालयातल्या खात्यांकडे गेली नाही. महाराष्ट्रात आजही कोषागारांकडून आलेल्या हिशेबांवरून मुंबई आणि नागपूरच्या महालेखाकारांच्या कचेऱ्या सगळ्या खात्यांचा जमाखर्च बांधतात, आणि प्रत्येक खात्याच्या नियंत्रक अधिकाऱ्याने आपल्याकडचे आकडे त्यांच्याशी जुळवून पाहायचे असतात. खर्च करणाऱ्याचा कागद एक, बाहेरच्याचा दुसरा, आणि दोघांचा मेळ, हीच ती रचना. राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरील लेखापरीक्षा अहवालांत खात्यांनी हा ताळमेळ घातला नसल्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात. राज्याच्या खर्चाचे हिशेब एका संगणकप्रणालीवर आले म्हणून त्या नोंदींचे महत्त्व कमी होत नाही. लोकलेखा समितीसमोर खात्यांच्या सचिवांना पहिला प्रश्न या न जुळलेल्या आकड्यांबद्दल विचारला गेला पाहिजे, खर्च किती वाचला याबद्दल नंतर.